अंदाजाची खूण नको

(विज्ञान शिक्षकांच्या संमेलनात शैक्षणिक दालन सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी नागपूर येथे झालेल्या अभ्यासवर्गात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



विज्ञान शिक्षकांसमोर दालन कसे मांडावे, हे सांगण्यासाठी संयोजकांनी माझ्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधराला बोलावले, याचे तुम्हाला आश्चर्य वाटले असेल. मलाही वाटले. माझा आणि विज्ञानाचा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला आणि त्यानंतरची तीसएक वर्षे बातम्या लिहिण्यात गेली. पण काही वर्षांपूर्वी याच शहरात भरलेल्या विज्ञान शिक्षकांच्या एका मेळाव्यात मी सलग तीन दिवस एका दालनात उभा होतो. त्या तीन दिवसांत आमच्याकडून ज्या चुका झाल्या, त्या तुमच्याकडून होऊ नयेत, एवढ्यासाठीच मी आज येथे उभा आहे. विद्वत्तेचा माझा दावा नाही. अनुभव मात्र आहे.

नागपूरची परंपरा

प्रथम या नगरीविषयी थोडेसे. भारतीय विज्ञान काँग्रेसचे पहिले अधिवेशन १९१४ साली कोलकात्यात झाले आणि अवघ्या सहा वर्षांत, १९२० साली, ती नागपुरात आली. अध्यक्षस्थानी होते आचार्य प्रफुल्लचंद्र राय. त्यानंतरही अधिवेशने येथे भरली. १९७४ सालच्या अधिवेशनानंतर मात्र मध्ये बराच खंड पडला आणि ३ ते ७ जानेवारी २०२३ या काळात १०८ वे अधिवेशन राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या परिसरात, विद्यापीठाच्या शताब्दी वर्षात झाले. सर चंद्रशेखर वेंकट रामन हे तर १९१०च्या सुमारास सरकारी हिशेब खात्यातील अधिकारी म्हणून या शहरात राहून गेले. दिवसा हिशेब आणि उरलेल्या वेळात संशोधन, असा त्या काळातील त्यांचा क्रम होता. गांधीसागर तलावाजवळ १९९२ साली उभ्या राहिलेल्या विज्ञान केंद्राला त्यांचे नाव दिलेले आहे, हे आपण सर्व जाणतोच.

सांगण्याचे तात्पर्य एवढेच, की अधिवेशने, प्रदर्शने, दालने यांची नागपूरला नवलाई नाही. दालनाला भेट देऊन गेलेला माणूस सोबत काय घेऊन जातो, हा खरा प्रश्न आहे.

पहिला दिवस : पत्रकांचा

आम्ही चौघे होतो. एक निवृत्त मुख्याध्यापक, दोन महाविद्यालयीन तरुण आणि मी. टेबलावर पांढरी चादर, मागे रंगीत फलक, समोर पत्रकांचे गठ्ठे आणि अभिप्रायाची वही असा सगळा थाट होता. भारतीय ज्योतिषशास्त्रातील निरीक्षणाच्या साध्या पद्धती शाळेत कशा वापरता येतील, हा आमचा विषय. मला बोलण्याची सवय असल्यामुळे मी दिवसभर बोललो. येणाऱ्या प्रत्येकाला थांबवले, फलकावरील चित्रे दाखवली, पत्रक हाती दिले. संध्याकाळपर्यंत चारशेच्या आसपास पत्रके संपली आणि आम्ही समाधानाने एकमेकांकडे पाहिले.

सभागृह रिकामे झाल्यावर सामान आवरताना ते समाधान ओसरले. आमची पत्रके खुर्च्यांखाली पडली होती. काहींवर चिवडा खाल्ला गेला होता, काही हिरवळीवर बसण्यासाठी अंथरली गेली होती. मी कोणाला दोष देत नाही. दिवसभरात वीस दालनांमधून वीस कागद हाती आलेला शिक्षक आणखी काय करणार?

त्याच दिवशी दुपारी घडलेला एक प्रसंग मला तेव्हा आठवला. गडचिरोली जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या बाई बराच वेळ आमच्या टेबलाच्या कडेला उभ्या होत्या. माझे बोलणे संपल्यावर त्यांनी संकोचाने एकच विचारले, “सर, हे आमच्या शाळेत होते काय?” मी उत्साहाने म्हणालो, “का नाही? सगळे या पत्रकात आहे.” त्या पत्रक घेऊन गेल्या. रात्री मुख्याध्यापक सर मला म्हणाले, “त्या बाईंनी पत्रक मागितले नव्हते. त्यांनी करून दाखवा म्हटले होते. तुम्हाला ते ऐकू आले नाही.”

मित्रांनो, दालन सांभाळणाऱ्याची पहिली चूक ही, की तो ऐकत नाही. आपल्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे, या भावनेत समोरच्याचा प्रश्न विरून जातो.

दुसरा दिवस : पुस्तकातील दोर

दुसऱ्या दिवशी आम्ही टेबल आत ठेवले आणि स्वतः बाहेर पटांगणात आलो. साहित्य एवढेच : फूटभर उंचीची सरळ काठी, सुतळी, खडू आणि गवंड्याकडून उसना आणलेला ओळंबा. काठी म्हणजे आपल्या ग्रंथांतील शंकू. सपाट जागी शंकू उभा करायचा, त्याच्याभोवती वर्तुळ काढायचे. सकाळी सावलीचे टोक जेथे वर्तुळाला शिवून आत येते तेथे एक खूण, दुपारनंतर ते जेथून बाहेर पडते तेथे दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या, की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. होकायंत्र नाही, मोबाईल नाही, खर्च नाही. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात ही रीत दिलेली आहे. यज्ञवेदीची दिशा ठरवण्यासाठी तिचा उपयोग होत असे.

त्या सूत्रात वर्तुळ काढण्याच्या दोराची लांबी शंकूच्या उंचीइतकी सांगितलेली आहे. आम्ही अगदी तसेच केले. फूटभर काठी, फूटभर दोर. आणि वाट पाहत बसलो.

दहा वाजले, अकरा वाजले, सावली आपली वर्तुळाच्या बाहेरच! जमलेले शिक्षक चुळबुळ करू लागले. पावणेबाराच्या सुमारास सावलीचे टोक कसेबसे आत शिरले आणि साडेबारा वाजून गेल्यावर लगेच बाहेर पडले. दोन खुणांमध्ये जेमतेम चार बोटांपेक्षा थोडे अधिक अंतर. एवढ्या तोकड्या रेषेवर दिशा काय ठरणार? त्यातून, मध्यान्हाच्या आसपास सावलीची लांबी इतकी सावकाश बदलते, की ती वर्तुळाला नेमकी केव्हा शिवली हे सांगणेही कठीण.

असे का झाले? डिसेंबरचा तिसरा आठवडा होता. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे इतका झुकलेला असतो, की आपल्याकडे भर मध्यान्हीदेखील काठीची सावली जवळजवळ काठीएवढीच पडते. दोर काठीइतका घेतला, तर सावली आत येणार तरी किती? सर म्हणाले, “सूत्र चुकलेले नाही. आपण आपल्या आकाशाकडे न पाहता दोर कापला. दोर दीडपट करा.”

येथे मला आपल्या विषयातील एक नाजूक मुद्दा मांडायचा आहे. त्या दिवशी एक शिक्षक मोठ्या आस्थेने म्हणाले, “आपल्या पूर्वजांना सगळेच ठाऊक होते, नाही का?” त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. पण दालनात उभ्या असलेल्या कार्यकर्त्याने अशा वेळी मान डोलावून मोकळे होऊ नये. ‘सगळेच ठाऊक होते’ असे म्हटले, की करून पाहण्याची गरजच संपते आणि ज्यांनी ते ज्ञान आयुष्यभर निरीक्षण करून मिळवले त्यांचे श्रमही आपण पुसून टाकतो. आपण म्हणावे, “हे एवढे त्यांना ठाऊक होते, चला, ते आपण करून पाहू.” प्रफुल्लचंद्र रायांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास दोन खंडांत लिहिला, तो जुन्या हस्तलिखितांचा धांडोळा घेऊन, जे आधाराने दाखवता येईल तेच मांडून. म्हणूनच शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी त्या ग्रंथाचे नाव आदराने घेतले जाते. सिद्ध करता येईल एवढाच अभिमान मांडला, तर तो टिकतो. त्यापुढे जाऊन केलेला दावा टाळ्या मिळवतो, पण वर्गातील चौकस मुलाचा विश्वास गमावतो. आणि एका असत्य दाव्यामुळे शेजारची दहा सत्येही संशयास्पद ठरतात.

आपल्याजवळ दाखवता येण्यासारखे थोडे का आहे? पलभा हा शब्द ज्यांच्या घरी जुनी पंचांगे होती त्यांच्या कानावरून गेला असेल. विषुवदिनी मध्यान्ही बारा अंगुळे उंचीच्या शंकूची जी सावली पडते, ती त्या गावाची पलभा. नागपूरची पलभा साडेचार अंगुळांच्या किंचित वर येते. म्हणजे एक काठी आणि मार्च किंवा सप्टेंबरमधील एक दुपार यांच्या आधारे सातवी-आठवीतील मुलगा आपल्या गावाचा अक्षांश काढू शकतो. मुलाने तो स्वतः काढला, की परंपरेविषयी त्याला वेगळे काही सांगावे लागत नाही.

तिसरा दिवस : ढगाचा

तिसऱ्या दिवशी दीडपट दोर घेऊन मोठे वर्तुळ काढले. सकाळी दहाच्या आत सावली वर्तुळाला शिवली. तीन शिक्षकांनी मिळून पहिली खूण केली. दुसरी खूण दुपारी अडीचच्या सुमारास येणार होती आणि तीन वाजता समारोपाचे पाहुणे आमचे दालन पाहायला येणार होते. सगळे कसे जुळून आले होते.

दोन वाजता ढग आला. डिसेंबरातील नागपूरचे निरभ्र आकाश, पण त्या दिवशी नेमका ढग आला आणि सूर्यावरच थांबला. अडीच झाले, पावणेतीन झाले. सावली नाही. आमच्यातील एक तरुण म्हणाला, “सर, दुसरी खूण साधारण कोठे येणार हे आपल्याला माहीतच आहे. उत्तर दिशा ठाऊक आहे. अंदाजाने खूण करून टाकू या. पाहुण्यांना काय कळणार आहे?”

खरे सांगतो, मला त्याचे म्हणणे पटले होते. वृत्तपत्रात तीस वर्षे काढलेल्या माणसाला वेळ गाठण्याचे मोल कळते. पण सरांनी खडू त्याच्या हातातून काढून घेतला. ते शांतपणे म्हणाले, “अंदाजाची खूण करायची असेल, तर सकाळपासून उन्हात उभे कशाला राहिलो? ढग आला, हे वहीत लिही. वेळही लिही.”

पाहुणे आले. पटांगणात मोठे वर्तुळ आणि त्यावर एकच खूण. सरांनी सांगितले, “प्रयोग अपुरा आहे. ढग आल्यामुळे दुसरी खूण मिळाली नाही.” पाहुणे क्षणभर थांबले, मग हसून पुढे गेले. मला ओशाळल्यासारखे झाले. तीन दिवसांच्या खटपटीचे फलित काय, तर एक खूण!

पण त्यानंतर जे घडले ते मी विसरू शकलो नाही. सभोवती उभे असलेले पंधरा-वीस शिक्षक तेथून हलले नाहीत. ते आपापसात बोलू लागले. एक म्हणाले, एकाऐवजी तीन वर्तुळे काढली असती, तर ढग येण्याआधी एखादी जोडी मिळाली असती. दुसरे म्हणाले, सकाळी अनेक वेळा सावलीच्या टोकावर खडे ठेवले तर? एका बाईंनी विचारले, पावसाळ्यात काय करायचे? अर्ध्या तासात त्या अपुऱ्या प्रयोगातून जेवढे विज्ञान निघाले, तेवढे माझ्या दोन दिवसांच्या भाषणांतून निघाले नव्हते. या वेळी त्या सगळ्यांच्या मध्यभागी वही घेऊन बसल्या होत्या त्या गडचिरोलीच्या बाई. आम्ही खोटी खूण केली असती, तर ते सर्व जण मान डोलावून पत्रक घेऊन गेले असते.

उत्तर नसणे हा दोष नव्हे

दालनात उभे राहणाऱ्याला सर्वांत मोठी भीती वाटते ती ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणण्याची. नागपूरहून इटारसीकडे जाताना पुढे लागणाऱ्या होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरममध्ये, १९७२ साली सोळा शाळांतून करून शिकण्याचा एक प्रयोग सुरू झाला. १९७८ साली तो जिल्हाभर पसरला आणि २००२पर्यंत, तब्बल तीस वर्षे चालला. त्यात ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुलांनी मनातील कोणताही प्रश्न त्याला पत्राने विचारावा आणि जाणकारांनी त्याच्या नावाने उत्तर द्यावे, अशी ती योजना. प्रश्न विचारणे हा मुलाचा हक्क आहे आणि शिक्षकाला प्रत्येक उत्तर तोंडपाठ असलेच पाहिजे असे नाही, हे त्यात गृहीत होते. याच कार्यक्रमात १९७८ साली अरविंद गुप्ता या तरुण अभियंत्याने सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून भूमितीचे आकार घडवले. पुढे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांची टाकाऊतून टिकाऊ खेळणी घरोघर पोहोचली.

आणि दूर कशाला जायचे? आपल्या नागपुरातच महानगरपालिका आणि ‘असोसिएशन फॉर रिसर्च अँड ट्रेनिंग इन बेसिक सायन्स एज्युकेशन’ ही संस्था यांनी अपूर्व विज्ञान मेळावा भरवलेला आहे. तेथे प्रयोग मांडून उभी असतात ती महापालिकेच्या शाळांतील मुले. कोणाचे वडील रिक्षा चालवतात, कोणाची आई धुणीभांडी करते. फुगा, बाटली, पाणी, आरसा, मेणबत्ती असे चार पैशांचे साहित्य घेऊन ती मुले मोठ्या शाळांतील विद्यार्थ्यांना, शिक्षकांना, पालकांना विज्ञान समजावून देतात. ज्यांनी हे पाहिले नसेल त्यांनी अवश्य पाहावे. टेबलाच्या कोणत्या बाजूला कोणी उभे राहावे, याविषयीच्या आपल्या कल्पना तेथे बदलून जातात. दालन कसे सांभाळावे याचे याहून चांगले शिक्षण मला ठाऊक नाही.

चार व्यवहाराच्या गोष्टी

आता तुमच्यासाठी थोडे व्यवहाराचे. वस्तू टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवा, म्हणजे येणाऱ्याचा हात आधी पोहोचेल. जे मोडेल ते मोडू द्या, सुतळी आणि खडू जास्तीचे ठेवा. शिक्षक आले, की आधी त्यांची शाळा, वर्ग आणि तेथे काय उपलब्ध आहे ते विचारा. बारा मुलांच्या द्विशिक्षकी शाळेला आणि साठ मुलांच्या तुकडीला एकच उत्तर चालत नाही. पत्रक सर्वांत शेवटी द्या, तेही मागितले तर. अभिप्रायाच्या वहीत ‘उपक्रम स्तुत्य’ असे लिहून घेऊ नका. आपल्याला न आलेली उत्तरे, प्रश्न विचारणाऱ्याचे नाव आणि पत्ता लिहून घ्या आणि महिन्याभरात उत्तर पाठवा. दालन तीन दिवसांत उठते, परंतु काम तेथून पुढे सुरू होते.

आणि मुलांना उन्हात नेताना एक बजावून सांगा : पाहायचे ते सावलीकडे, सूर्याकडे कदापि नाही.

मे महिन्यातील निरोप

त्या मेळाव्यात आम्ही शिक्षकांना एक गृहपाठ दिला होता. ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून फक्त दोनदा, २६ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या मध्यास. २६ मे रोजी ही वेळ बाराची नसून बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपासची असते. त्या क्षणी ताठ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुण्यात हा दिवस १३-१४ मेच्या सुमारास येतो, मुंबईत १५-१६ मेच्या आणि दिल्लीत कधीच येत नाही. अडचण एवढीच, की आपल्याकडे मे महिन्यात शाळेला सुट्टी आणि जुलैत आकाशात ढग. त्यामुळे हा प्रयोग घराच्या अंगणातच करावा लागतो. आजी-आजोबांनी, आई-वडिलांनी नातवंडांना, मुलांना घेऊन तो करावा. भर उन्हात पाच मिनिटे पुरतात.

पुढच्या मे महिन्यात सरांच्या मोबाईलवर गडचिरोलीच्या बाईंचा निरोप आला. सोबत छायाचित्र होते. सारवलेले अंगण, एक पाण्याने भरलेला तांब्या, शेजारी ताठ रोवलेली काठी आणि तिच्याभोवती पाच मुले. काठीला सावली नव्हती. खाली बाईंनी लिहिले होते, की तुम्ही सांगितलेल्या तारखेच्या आधीच आमच्याकडे सावली गेली, मुले विचारत आहेत की नागपूरची तारीख चुकली की आमची?

कोणाचीच चुकली नव्हती. गडचिरोली नागपूरच्या दक्षिणेला आहे, म्हणून तेथे तो दिवस चार-पाच दिवस आधी येतो. आम्ही ते त्यांना सांगितले नव्हते, आमच्या पत्रकातही ते नव्हते. दुर्गम भागातील पाच मुले सुट्टीत रोज दुपारी अंगणात काठी रोवत राहिली आणि त्यांनी आमच्या पत्रकातील उणीव शोधून काढली. सरांनी तो निरोप मला दाखवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर एवढेच म्हणाले, “दालन आता कोठे पूर्ण झाले.”

मित्रांनो, तुमच्या दालनात ढग येईल, वस्तू मोडेल, उत्तर सुचणार नाही, पाहुणे हसून निघून जातील. त्या वेळी हातातील खडूला मोह होईल. एवढेच स्मरणात ठेवा, की समोर उभा असलेला शिक्षक तुमची खूण आपल्या वर्गात घेऊन जाणार आहे आणि तेथे चाळीस मुले ती खरी मानणार आहेत. जी खूण सूर्याने केली असेल तीच करा. नसेल, तर जागा मोकळी ठेवा.